कुरतडलेल्या कोपऱ्याचं पुस्तक

घरात त्याला हक्काची जागा आहे. खिडकीखालच्या बुटक्या कपाटाचा तळचा कप्पा, नातीचा हात सहज पोचेल असा. पण तिथे ते क्वचितच सापडतं. सोफ्याच्या फटीत, गाडीतल्या तिच्या खुर्चीखाली, न्हाणीघराच्या दारात, कांद्याबटाट्यांच्या टोपलीत, कुठेही असतं. बाकीच्या पुस्तकांना एका जागी बसून राहणं मानवतं. याला माणसांच्या पायांत पायांत यायला आवडतं.

अंगाने ते किरकोळ आहे. पातळ मुखपृष्ठ आणि आत ३२ पानं. छपाईच्या मोठ्या कागदाला घड्या पडल्या की पानं सोळाच्या पटीत निघतात, म्हणून बहुतेक चित्रपुस्तकं याच मापाची असतात. पाठीतली एक पीन गळून पडली होती, तिथे मी गोधडीच्या जाड दोऱ्याने टाके घातले आहेत. वरचा कोपरा कुरतडलेला आहे, पण ते काम आमच्या नातीचं नव्हे. ती जन्मायच्या आधीच लेकीने हे न्यूझीलंडमधल्या टौरंगा शहरातल्या एका ऑप शॉपमधून आणलं. लोकांनी दिलेल्या जुन्या वस्तू विकून धर्मादाय कामाला पैसा उभा करणारी ही दुकानं इथे गावोगाव आहेत. म्हणजे आमच्याकडे येण्यापूर्वी याने दुसऱ्या कुठल्या तरी घरात एक मूल वाढवलेलं आहे. त्या मुलाने पहिल्याच पानावर निळ्या खडूने एक ढग काढून ठेवला आहे. नातीला तो ढग गोष्टीचाच भाग वाटतो.

‘हेअरी मॅक्लरी फ्रॉम डोनाल्डसन्स डेअरी’ हे त्याचं नाव. शब्दही लिन्ली डॉड यांचे आणि चित्रंही त्यांचीच. डेअरी म्हणजे इथलं कोपऱ्यावरचं किरकोळ दुकान. अशी कितीतरी दुकानं आपल्याकडची, विशेषतः गुजराती, कुटुंबं चालवतात. तिथला एक काळा झिपरा कुत्रा फाटकाबाहेर पडतो, आणि वाटेत त्याला एकेक दोस्त येऊन मिळतो. धिप्पाड मॅस्टिफ, ठिपक्यांचा डाल्मेशियन, डोळ्यांवर केस आलेला मेंढपाळी कुत्रा, एक हडकुळा मिश्र जातीचा, आणि आखूड पायांचा डाक्सहुंड. सगळी वरात हुंगत हुंगत गावातून चालते. मग स्कारफेस क्लॉ नावाचा बोका समोर येतो आणि सगळे शेपूट घालून घर गाठतात. एवढीच गोष्ट. १९८३ साली वेलिंग्टनच्या मॅलिन्सन रेंडेल या छोट्या प्रकाशनाने ती छापली. त्याआधी हा कुत्रा काही वर्षं डॉड यांच्या टिपणवहीत नुसता पडून होता.

या पुस्तकाचा मला सर्वांत भावलेला गुण असा, की ते कुणालाच सगळं सांगत नाही. अर्धं कानाला सांगतं, अर्धं डोळ्यांना. शब्द वाचण्याचं काम माझ्याकडे येतं आणि चित्र वाचण्याचं तिच्याकडे. माझी नजर ओळींवरून सरकत असते, तेवढ्यात कुणाची शेपटी वर आहे, कुणाची खाली, कोण मागे पडलंय, कुणाचा कान उलटा झालाय, हे सगळं तिचं पाहून झालेलं असतं. ती अडीच वर्षांची आहे, तिला अक्षर ओळखता येत नाही. माझं इंग्रजी नोकरीत कागदपत्रं हाताळण्यापुरतं घडलं, आणि डॉड यांच्या यमकांना भलतीच घाई असते. आम्हा दोघींना शेजारी बसवून दोघींकडेही सारखंच काम देणारी दुसरी वस्तू या घरात नाही. टीव्ही आम्हाला नुसतं बसवून ठेवतो. खेळण्यांत ती मालकीण आणि मी मदतनीस. पुस्तकापुढे मात्र आमची भागीदारी असते, आणि खरं सांगायचं तर तिचा वाटा मोठा असतो.

मूळ यमकं ती किंडीत, म्हणजे इथल्या बालवाडीत, ऐकते. मॅट टाइमला सगळी मुलं सतरंजीवर बसतात आणि शिक्षिका चित्रं मुलांकडे धरून वाचते. घरी त्याच चित्रांवर आमची मराठी गोष्ट चालते. मॅस्टिफचा झाला भीम्या, डाल्मेशियनचा तिळ्या, झिपऱ्यांत डोळे हरवलेल्याचा जटाळू, हडकुळ्याचा काडीपैलवान आणि डाक्सहुंडाचा लाटण्या. हेअरी मॅक्लरी मात्र हेअरीच राहिला, कारण ते नाव तिने किंडीतून पक्कं करून आणलं होतं. बोक्याला आम्ही बोकोबा म्हणतो. पुस्तकाने या कशालाच हरकत घेतली नाही. चित्रं कुठल्याही बोलीला आत घेतात. इथे या कुत्र्याची गोष्ट माओरीतही निघाली आहे. तेव्हा टौरंगाच्या एखाद्या घरात याच झिपऱ्याला माओरी आजी भेटत असणार, आणि आमच्याकडे त्याला सांगलीची भेटते.

सवलत मात्र नावं देण्यापुरतीच असते. एकदा ठरलं की ठरलं. दमून मी दोन पानं एकदम उलटली तर चोरी तिथेच पकडली जाते. जटाळू तिळ्याच्या आधी आला की ती पुस्तकावर पंजा ठेवते आणि म्हणते, ‘‘नाही आजी, परत.’’ आपण मोठी माणसं गोष्ट संपेपर्यंत तिच्यामागे धावतो आणि संपली की तिला सोडून देतो. हिचं उलट आहे. पुढे काय होणार हे आपल्याला ठाऊक आहे, यातच तिला सगळी मजा वाटते. बोकोबाच्या पानाआधी ती माझा दंड घट्ट धरते, श्वास रोखते आणि मग स्वतःच्या हाताने पान उलटते. भीती कितीदाही बोलावता येते आणि बिछान्यात शिरलेल्या हेअरीच्या चित्राने ती संपवताही येते, हे तिला या पुस्तकाने शिकवलं. रात्री अंधाराला घाबरणारी ही मुलगी बोकोबाला रोज आपणहून भेटायला जाते, हे मी पाहते आहे.

गावात याचा मान मोठा आहे. लिन्ली डॉड १९४१ मध्ये रोटोरुआत जन्मल्या, टौपोजवळच्या एकाकी जंगलवस्तीत वाढल्या, ऑकलंडच्या इलॅम कलाशाळेत शिकल्या, वेलिंग्टनच्या शाळेत चित्रकला शिकवली आणि पुढे टौरंगात राहायला आल्या. १९७३ साली आलेल्या, मांजरावरच्या त्यांच्या पहिल्या पुस्तकात शब्द ईव्ह सटन यांचे होते आणि डॉड यांची फक्त चित्रं. २०१५ साली शहराने स्ट्रँडवर, बंदराच्या पाण्याकाठी, हेअरी आणि त्याच्या दोस्तांचे ब्राँझचे पुतळे बसवले. शिल्पकार ब्रिजिट वूस्ट. आपल्याकडे पुतळा म्हटला की चौथरा आणि कुंपण आलंच. हे कुत्रे जमिनीवरच उभे आहेत, मुलांच्या उंचीला. मुलं त्यांच्या पाठीवर बसतात, कान ओढतात, नाकं पुसतात. शेजारच्या रुळांवरून बंदराकडे जाणारी मालगाडी आली की नात तेवढ्यापुरती हेअरीला सोडते, डबे जाऊ देते आणि परत येते. पहिल्यांदा गेलो तेव्हा तिने पुस्तक उघडून पुतळ्याच्या तोंडासमोर धरलं होतं, त्यालाही त्याचं चित्र दिसावं म्हणून. एखाद्या गावाने लहान मुलांच्या पुस्तकातल्या पात्रांना आपल्या पाण्याकाठची जागा द्यावी, ही गोष्ट मला फार मोठी वाटते. आपल्याकडे कुठल्या चौकात असं कुणी उभं आहे का, हे मी आठवून पाहिलं. मला कुणी आठवलं नाही, आणि त्याचं वाईट वाटलं.

वाईट अशासाठी की तोलामोलाची पात्रं आपल्याकडे आहेत. इथे येताना बॅगेतला खाऊ विमानतळावर जाहीर करावा लागतो, बियाणं आणि फळांबाबत तर फारच कडक तपासणी होते. माधुरी पुरंदरे यांची ‘राधाचं घर’ मालिकेतली पुस्तकं मात्र सुखरूप आली. तीच आता खालच्या कप्प्यात या कुरतडलेल्या गड्याच्या शेजारी असतात. पुरंदरेही डॉड यांच्यासारख्याच चित्रकलेच्या शाळेतून आलेल्या, मुंबईच्या जे. जे. मधून, आणि त्याही स्वतः लिहितात, स्वतः काढतात. २०१४ साली त्यांना साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. राधाची आजी, आई, बाबा नातीला लगेच ओळखीचे वाटले, कारण तशी आजी तिने पाहिली आहे. लेकीच्या लहानपणी आमच्याकडे नॅशनल बुक ट्रस्टच्या नेहरू बाल पुस्तकालयातली स्वस्त पुस्तकं होती, मॉस्कोहून छापून आलेली गुळगुळीत कागदाची मराठी पुस्तकंही होती. ती मी सांभाळून ठेवली नाहीत, रद्दीत गेली. हे पुस्तक पाहिलं की वाटतं, त्यांच्यातलं एखादं कुणाच्या तरी घरात अजून चालतं-फिरतं असावं.

चित्रपुस्तकाच्या ताकदीचा सर्वांत पक्का पुरावा याच देशात आहे, आणि तो एका आजीने लिहिला आहे. डोरोथी बटलर ऑकलंडमध्ये मुलांच्या पुस्तकांचं दुकान चालवत. १९७१ साली त्यांच्या लेकीला मुलगी झाली, कुश्ला. गुणसूत्रांतल्या दोषामुळे तिला जन्मतःच अनेक व्याधी होत्या. हात नीट चालत नव्हते, लांबचं स्पष्ट दिसत नव्हतं, झोप लागत नव्हती. रात्री-दिवसाचे ते लांबलचक तास भरायला आईबापांनी चार महिन्यांच्या बाळाच्या डोळ्यांजवळ पुस्तक धरून वाचायला सुरुवात केली. ज्या मुलीच्या बुद्धीबद्दल शंका घेतली गेली होती, ती चौथ्या वर्षापर्यंत भाषेत वयाच्या पुढे गेली होती. कुठलं पुस्तक कधी वाचलं, तिने कशाकडे पाहिलं, काय म्हटलं, याची नोंद ठेवली गेली. आधी तो ऑकलंड विद्यापीठातला प्रबंध होता, १९७९ मध्ये ‘कुश्ला अँड हर बुक्स’ म्हणून तो जगासमोर आला. त्यातली पुस्तकं औषधासारखी मोजून दिलेली नाहीत. ती मांडीवर, पलंगावर, माणसाच्या अंगाला अंग लावून उघडलेली आहेत. हे मला फार महत्त्वाचं वाटतं. अडीच वर्षांच्या मुलापुढे टॅबलेटवर आपोआप वाचणारं पुस्तक ठेवणाऱ्या आईबापांना मी हेच सांगते: पुस्तकाला मांडी लागते. मांडी नसेल तर ते अर्धंच उघडतं.

माझी मांडी इथे कायम नसते. व्हिसाच्या मुदतीने एका खेपेला सहा महिने, मग परत सांगली. पुस्तक मात्र कुठे जात नाही. मी नसताना लेक वाचते, जावई वाचतात, आणि त्यांना भीम्या, लाटण्या ही नावं वापरावीच लागतात, कारण पुस्तकाची ती अट झाली आहे. मधल्या महिन्यांसाठी मी सांगलीत ठेवायला दुसरी प्रत घेतली. नातीची झोपायची वेळ म्हणजे सांगलीतली दुपार, कुकरच्या शिट्ट्या होत असतात. फोन पाण्याच्या तांब्याला टेकवायचा, दोघींनी आपापलं पुस्तक उघडायचं, आणि ती ‘‘आता’’ म्हणाली की मी पान उलटायचं. हल्ली वाचायचं कामही तिनेच घेतलं आहे. ती सांगते आणि मी चित्रं पाहते. घाईत जटाळूच्या आधी लाटण्या येऊन गेला, तर आता हरकत मी घेते आणि ती मागचं पान काढते.