ताई, पेअर होत नाहीये!

परवा धाकटा बेंगळुरूहून घरी आला. सॅकमध्ये कपडे कमी, पण स्वतःचा वायरलेस कंट्रोलर मात्र आठवणीने आणलेला. म्हटलं, चला, पूर्वीसारखी फुटबॉलची मॅच होऊन जाऊ दे! हॉलमधला आमचा जुना कन्सोल ऑन केला. त्याच्या कंट्रोलरचा लाइट लुकलुकला आणि विझला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच.

मग सुरू झाली खटपट. बॅटरी फुल्ल होती. राउटर लांब सरकवला, कारण वायफाय आणि ब्लूटूथ दोघंही २.४ गिगाहर्ट्‌झवर गर्दी करतात. मागच्या बारीक भोकात सेफ्टी पिन खुपसून रिसेट मारला. केबल लावली. चार्जिंग सुरू, ओळख मात्र शून्य!

"रूममेटच्या कन्सोलला जोडला होता गं," तो पुटपुटला. हे कंट्रोलर शेवटचं घर तेवढं लक्षात ठेवतात. परत जोडायचा तर केबल हवी, आणि आमची निघाली फक्त चार्जिंगची. तिच्यात डेटाच्या तारा नसतातच.

मला आमचे फोन आठवले. "जेवलास का? पैसे आहेत ना?" "हो, हो." झालं, फोन बंद. वर्षभर हेच.

ड्रॉवरमधून डेटा केबल शोधली, मधलं बटण दाबलं. लाइट स्थिर!

हाफ टाइमला मी दोन गोलने मागे होते. स्क्रीनवरची नजर न हलवता तो म्हणाला, "ताई, मी नोकरी सोडतोय. आईला नाही सांगितलंय अजून."

मी पॉज दाबलं.