काळ्या हौदावर

परवा एका कार्यकर्त्यानं मला भर मीटिंगीत धारेवर धरलं. म्हणला, "हजारो वर्षं आपल्याला कुत्र्याच्या खाली ठेवलं, आणि तू मोबाईल घेऊन कुत्र्यांचे फोटो काढत फिरतोस? माणसं संपली का?" बाकीचे हसले. मला राग आला नाही. प्रश्न जिथं विचारायचा तिथंच विचारला होता. उत्तर लांब आहे म्हणून लिहायला बसलो. आपल्या अंकाच्या स्टेन्सिलवर फोटो उमटत नाही, तेव्हा फोटोसुद्धा शब्दांतच सांगावे लागणार.

कुत्रं आपल्या दारात आपोआप आलेलं नाही. मनुस्मृतीच्या दहाव्या अध्यायात लिहून ठेवलंय की चांडाळानं गावाबाहेर राहावं आणि त्याचं धन म्हणजे कुत्री आणि गाढवं. म्हणजे आमच्या सातबाऱ्यावर मनूनं कुत्रं चढवलं! २५ डिसेंबर १९२७ ला महाडात ते पुस्तक जाळलं. कुत्रं जळालं नाही. ते वस्तीतच राहिलं, आमच्या पोरांच्या पायात घुटमळत. त्याच वर्षी २० मार्चला बाबासाहेबांनी चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. तळं कागदावर खुलंच होतं. १९२३ ला मुंबईच्या कौन्सिलात बोले ठराव झालेला, १९२४ ला महाडच्या नगरपालिकेनं तळं खुलं केलेलं. गुरं पीत होती, कुत्री पीत होती, तोवर तळं चोख. माणूस प्याला तेव्हा बाटलं. हायकोर्टाचा निकाल यायला १९३७ उजाडलं. या सबंध खटल्यात कुत्रं हा मुका साक्षीदार आहे. साक्षीदाराचा फोटो का काढू नये?

आणखी एक फोटो तुम्ही सगळ्यांनी बघितलेला आहे. फेब्रुवारी १९३४, दादरचं राजगृह. यशवंत, बाबासाहेब, रमाई, वहिनी लक्ष्मीबाई, पुतण्या मुकुंद. आणि टॉबी, बाबासाहेबांचा लाडका कुत्रा. जयंतीच्या बॅनरवर आपण बाबासाहेबांना एकटं कापून घेतो, टॉबी बाहेर जातो. पण मला त्या फोटोतली सगळ्यात मोठी गोष्ट टॉबीच सांगतो. मनूनं ज्यांच्या गळ्यात कुत्रं लाज म्हणून बांधलं त्यांच्यातल्या एकानं पुस्तकांसाठी घर बांधलं, आणि त्या घरात कुत्र्याला लाडानं नाव ठेवलं. पंधरा महिन्यांनी, २७ मे १९३५ ला, रमाई गेल्या. हे माहीत असून तो फोटो बघा. टॉबीला ते माहीत नाही. म्हणून पोटात तुटतं.

बाहेरच्या मुलखात हे काम करणारे होऊन गेलेत. एलियट अर्विट नावाचा फोटोग्राफर, २०२३ ला वारला. त्याचा न्यूयॉर्कमधला १९७४ चा फोटो आहे. कॅमेरा जमिनीला टेकवलेला. एका बाजूला टोपी घातलेलं एवढंसं कुत्रं, मध्ये बाईचे बूट, पलीकडे नुसतेच मोठ्या कुत्र्याचे पाय. मालकिणीला तोंडच नाही. हसू येतं, आणि मग कळतं की पायाच्या उंचीवरून जग असंच दिसतं. आपल्याला ही उंची कोणी शिकवायला नको. जपानचा दाइदो मोरियामा, त्यानं १९७१ ला मिसावा गावात एक भटकं कुत्रं टिपलं. मान मागं वळवून बघतंय, काळंकुट्ट. त्या गावात अमेरिकेचा विमानतळ आहे, लष्करी. तो फोटोत दिसत नाही, पण कुत्र्याच्या डोळ्यात काहीतरी आहे. आणि २०१८ चा तमिळ सिनेमा 'परियेरुम पेरुमाळ' ज्यांनी बघितला त्यांना करुप्पी सांगायला नको.

मी रात्रपाळीचा माणूस. सूतगिरणीत रिंगखात्यात. सकाळी सुटतो तेव्हा अंगावर, केसांत कापसाचं तूस, मोबाईलच्या काचेवरही. ती आधी पुसायची, नाहीतर फोटोवर धुकं धरतं. त्या वेळचा उजेड आडवा असतो, सावल्या लांब. मी खाली बसतो. उभ्यानं काढलेल्या फोटोत कुत्रं नुसतं पाठ होऊन जातं. बिस्कीट दाखवत नाही. बिस्कीट दाखवलं की ते माझ्या हाताकडं बघतं, आणि फोटो बिस्किटाचा होतो. काळं कुत्रं असलं तर मोबाईल शहाणपणा करून त्याला राखाडी करतो. तेव्हा त्याच्यावर बोट ठेवून उजेड खाली ओढायचा. काळं काळंच दिसलं पाहिजे. रंगीत फिल्मच्या जमान्यात रंग जुळवायला गोऱ्या बाईचं कार्ड समोर धरायचे, शर्ली कार्ड म्हणत त्याला. यंत्र कोणाच्या कातडीवर बेतलंय हे बघून वापरावं.

पण हे सगळं हाताचं काम. गोष्ट होते ती कुत्र्याच्या आजूबाजूला काय राहू दिलं त्यावरून. उंबरा कोणाचा, नळ कोणाचा, बाजूला पाय कोणाचे. एका फोटोत मावली नाही तर चार काढायचे आणि ओळीनं लावायचे.

आईच्या गावी मी तेच केलं. वस्तीतल्या काळ्याच्या मागं सकाळभर फिरलो. पहिला फोटो, समाजमंदिराचा ओटा. काळ्या झोपलाय, झेंड्याची सावली त्याच्या पाठीवर पडलीय. दुसरा, ओढ्यावरची मोरी. पुढचे पाय गावात, मागचे वस्तीत. तिसरा, देवळाची पायरी. चपलांची रांग, आणि रांगेच्या वर, जिथं चपलांना परवानगी नाही तिथं, काळ्या हनुवटी टेकून बसलेला. चौथा, ग्रामपंचायतीचा हौद. काळ्या पाणी पितोय, पाण्यात वळ्या उठल्यात, आणि त्या वळ्यांत एका माणसाचं तुटकं प्रतिबिंब. तो कुत्र्याकडं बघत नाही. माझ्याकडं बघतोय.

"कोणाचा रे तू?"

मी नाव सांगितलं. त्यानं आडनाव विचारलं. काळ्याला तोपर्यंत कोणी काही विचारलेलं नव्हतं.

"काढून टाक तो फोटो."

"कुत्र्याचा हाय की."

"कुत्र्याचा आसंल. हौद आमचाय."

पाचव्या फोटोत नुसता एक पंजा आहे, काचेवर आलेला. बोटांच्या फटीतून हौदाचा काठ दिसतो. काळ्याची शेपटी दिसते. तो अजून पीतच होता.

फोटो मी काढून टाकले नाहीत. संध्याकाळी समाजमंदिरात भिंतीला चादर बांधून पोरांना दाखवले. चौथा आला तशी मागून एक आजी म्हणाली, "ह्याच हौदावर आमाला वरून वतायचे गं बाई, हंड्याला हंडा लागू द्यायचे न्हाईत." पोरं गप्प झाली. त्यांनी हौद रोज बघितला होता. आपण तिथं का जात नाही, हे कोणी कधी विचारलं नव्हतं. मीटिंगीत मला झाडणारा तो कार्यकर्ताही तिथंच बसलेला. त्यानं ॲट्रॉसिटीचा १९८९ चा कायदा काढला, २०१५ ची दुरुस्ती वाचून दाखवली. सामायिक पाण्यावर अडवणं हा गुन्हा आहे. नदी, ओढा, झरा, विहीर, तळं, नळ, सगळी यादी आहे. यादीत हौदसुद्धा आहे. त्यानं तो शब्द दोनदा वाचला.

आता अर्ज लिहून तयार आहे, त्याला पाचही फोटो जोडलेत. माझ्या पुढच्या सुट्टीच्या दिवशी सकाळी बाया हंडे घेऊन हौदावर जाणार आहेत, आजी पुढं. मला सांगितलंय, सहावा फोटो तू काढायचा. कुठं बसायचं ते मी ठरवून ठेवलंय. हौदाच्या खालच्या अंगाला, जिथून काळ्या पितो तिथं, गुडघे टेकून. तिथून आजीची ओंजळ आणि मागची माणसं एकाच चौकटीत येतात. काळ्या येईलच, त्याला सांगावं लागत नाही.