डावा कोनाचा?

वीकांताला झोपा काढायच्या की ब्लॉग लिहायचा, या द्वंद्वात यावेळी ब्लॉग जिंकला. कारण विषय गेले दोन महिने डोक्यात आहे, आणि हापिसात तो कोणाला सांगण्यासारखा नाही. सांगितला तर 'डेटा क्वालिटी'च्या पुढच्या ट्रेनिंगला माझंच उदाहरण देतील.

आमच्या मामाजींचं गाव चोरखमारा. गोंदिया जिल्हा, तिरोडा तालुका. पुण्यात नागझिरा म्हटलं की लोकांना माडगूळकरांचं पुस्तक नाहीतर जिप्सीतले फोटो आठवतात. त्याच नागझिऱ्याचं एक गेट आमच्या गावाच्या नावाचं आहे. गेटापलीकडे वाघ, गेटाअलीकडे धानाची शेतं, एक मोठा तलाव आणि आमची कबड्डी टीम. लहानपणी दर दिवाळीला महाराष्ट्र एक्सप्रेसमध्ये अख्खा दिवस काढून आम्ही इथे यायचो, मंडईला जायचो, रात्रभर झाडीपट्टीचं नाटक बघायचो आणि सकाळी पेंगत परत यायचो. कबड्डी मात्र धान निघाल्यावरची. शेतं मोकळी झाली, हात मोकळे झाले, की गावागावांत स्पर्धा लागतात.

मागच्या डिसेंबरात बरीच सुट्टी साठली होती म्हणून गेलो, तर मामेभाऊ स्टँडवरच म्हणाला, "दादा, लॅपटॉप आनला ना? बरं झालं. तुले काम हाये."

काम असं. मोसमातली पहिली स्पर्धा, वजनगट ६० किलो, आणि पहिलाच सामना वैनगंगेकाठच्या एका गावाशी. गेल्या वर्षी त्यांनी आमच्यावर दोन लोण चढवले होते. त्यांच्या दोन सामन्यांचे व्हिडिओ याच्याकडे व्हॉट्सअ‍ॅपवर आलेले. "तू कम्प्युटरवाला, हे बघून सांग त्यांचा रेडर कसा खेळते ते." आता मी दिवसभर जे करतो त्याचा कबड्डीशी संबंध तितकाच, जितका माझ्या मॅनेजरचा माझ्या कामाशी. पण आपल्या कामाची गावात कोणाला तरी गरज पडली, हे ऐकून छाती फुगलीच.

दोन रात्री बसलो. कोणीतरी अंतिम रेषेच्या मागे बांबूला मोबाईल बांधून केलेलं शूटिंग. मधून मधून समोर एक कुत्रं, एकदा पूर्ण तीन मिनिटं कोणाची तरी पाठ. पण एकेक चढाई थांबवून थांबवून एक्सेलमध्ये उतरवली. कोण गेला, कुठल्या बाजूला गेला, बोनसचा प्रयत्न केला का, गुण की पकड. त्यांचा मुख्य रेडर म्हणजे एक सडपातळ, लांब हातांचा पोरगा. त्याच्या एकट्याच्या ४१ चढाया निघाल्या. आणि मग पिव्होट टेबल लावल्यावर जे दिसलं, त्याने मी खुर्चीतून (म्हणजे खाटेवरून) उठलोच. पहिल्या हाफमध्ये २० पैकी १४ वेळा उजवा कोपरा. दुसऱ्या हाफमध्ये २१ पैकी १५ वेळा डावा! गडी हाफटाइमला स्ट्रॅटेजीच बदलत होता. केवढं हे डोकं!

इथे एक फाटा फोडतो. कबड्डी म्हणजे दंडाबेटकुळ्यांचा खेळ असं ज्यांना वाटतं, त्यांनी ७ ऑक्टोबर २०१६ आठवावा. अहमदाबादला विश्वचषकाचा पहिला सामना, भारत विरुद्ध दक्षिण कोरिया. आम्ही होस्टेलच्या टीव्हीसमोर. कोरिया कबड्डी खेळतं हीच निम्म्या पोरांना बातमी होती. भारत हरला, ३२-३४. जँग कुन ली नावाच्या त्यांच्या रेडरने शेवटी शेवटी सामना ओढून नेला. होस्टेलवर शोकसभा भरली. नंतर कळलं, की हा गडी २०१४ पासून, म्हणजे प्रो कबड्डीच्या पहिल्या मोसमापासून, बंगाल वॉरियर्सकडून खेळत होता. आपल्या पोरांबरोबर आणि आपल्याच पोरांविरुद्ध. कोण घाईत पुढे येतो, कोणाचा पाय कुठे पडतो, हे त्याला पाठ. आपल्याला त्यांच्या बाकीच्या सहांची नावं तरी माहीत होती का, कोण जाणे. भारताने पुढे फायनलमध्ये इराणला ३८-२९ हरवून कप घेतला, ती गोष्ट वेगळी. पण २०१८ ला जकार्ताच्या एशियाडमध्ये, जिथे १९९० पासून एकही सुवर्ण सोडलं नव्हतं, तिथे त्याच इराणने आपल्याला उपांत्य फेरीत बाहेर काढलं. यू मुंबाकडून खेळून गेलेला फझल अत्राचली त्या संघात होता. लीग आपली आणि क्लास त्यांचा. असो.

तर सामन्याच्या आदल्या संध्याकाळी अंगणात माझं प्रेझेंटेशन. स्लाइडा नव्हत्या, कोंड्याने आखलेलं मैदान होतं. मध्यरेषा, निदानरेषा, बोनस रेषा, सगळं. सात गडी उकिडवे बसलेले, मामाजी खाटेवर. मी काठीने दाखवत हाफटाइमच्या बदलाची थिअरी मांडली. पोरं एकदम इम्प्रेस. "बाप्पा, लय हुशार हाये बे तो," एकजण म्हणालाही.

मामाजींनी तंबाखू मळता मळता विचारलं, "बेटा, ते मोबाईल कुठी बांधला होता?"

"अंतिम रेषेच्या मागे. एका टोकाला."

"दोनी हाफ तिथंच?"

"हो."

"आन् हाफटाइमले टीमा बाजू नाही बदलत का गा?"

मी काठी खाली ठेवली.

च्यायला!! पहिल्या हाफमध्ये कॅमेरा रेडरच्या पाठीमागे होता. म्हणजे स्क्रीनवरचा उजवा, तो बचाव करणाऱ्यांचा डावा. दुसऱ्या हाफमध्ये कॅमेरा बचावाच्या पाठीमागे, तिथे स्क्रीनवरचा डावा तोच त्यांचा डावा. गड्याने काहीच बदललं नव्हतं. ४१ पैकी २९ वेळा तो एकाच कोपऱ्यावर गेला होता, डाव्या. पाच वर्षं मी लोकांच्या कोडमधले बग काढतो आहे, आणि माझा बग सहावी पास माणसाने तंबाखू मळताना काढला.

पोरं हसली. मीही हसलो. फक्त मामेभाऊ हसला नाही. आमचा डावा कोपरा तोच होता.

जेवणानंतर मला म्हणाला, चाल दादा, तलावावर जाऊन येऊ. पाळीवर चांगलीच थंडी होती, पाणी काळं, पलीकडे जंगल. तिथे बसून त्याने पँट वर केली आणि मोबाईलचा टॉर्च मारला. उजवा गुडघा डाव्याच्या दीडपट. धान कापणीच्या दिवसांत बांधावरून पाय घसरला, तेव्हापासून. दहा मिनिटं खेळलं की फुगतो, सकाळी उतरतो. "घरी सांगजो नोको. टीमलेबी." खरी गोची वेगळीच होती. तो वनरक्षक भरतीची तयारी करतो आहे. २०२३ च्या भरतीत थोडक्यात राहिला होता. त्यात पुरुषांना ५ किलोमीटर धावावं लागतं. पुढच्या जाहिरातीपर्यंत हा गुडघा टिकवायचा होता. "मंग खेळतो कशाले बे?" मी विचारलं (गावाकडे गेलं की दोन दिवसांत माझीही बोली सुटते). म्हणाला, "कॅप्टन मी. माझ्या जागी जे पोरगं हाये ते सतरा वर्षाचं. पहिल्याच मॅचले त्याले फेकू का त्याच्यासमोर?"

डाव्या कोपऱ्यावर चढाया कमी होतील, या माझ्या निष्कर्षावर त्याने दोन दिवस मनातल्या मनात स्वतःला बसवून ठेवलं होतं. निदान पहिला हाफ तरी निभावेल! माझ्या बगवर तो उभा होता, आणि बग दुरुस्त झाला होता.

मग मी एक गोष्ट केली, जी हापिसात केली असती तर घरी बसलो असतो. रात्री शीटमध्ये एक कॉलम वाढवला आणि सकाळी पोरांना ऐकवलं, की या रेडरला उंच कोपरारक्षक जड जातो, सबब आमच्या उंच उजव्या कोपऱ्याने डावीकडे यावं आणि कॅप्टनने उजवीकडे जावं. उंचीचा कॉलम मी शुद्ध कल्पनेने भरला होता. पोरांनी मान डोलावली. आकड्यांना कोण नाही म्हणणार? मामाजी एवढंच म्हणाले, "उंची कशी मोजली बेटा, व्हिडिओतून?" आणि पुढे काही न बोलता बैल सोडायला गेले.

वजनकाट्यावर त्यांचा रेडर पहिल्यांदा प्रत्यक्ष दिसला. चप्पल काढली, स्वेटर काढला, कडदोऱ्याची किल्लीसुद्धा काढून दिली आणि ५९ किलो ७०० ग्रॅमवर पास झाला. उतरताना आमच्या रांगेकडे बघत होता. चेहऱ्यांकडे नाही, खाली, पायांकडे. एकेक करत.

पहिली चढाई. दम घेत मध्यरेषा ओलांडली, आणि गडी डावीकडच्या आमच्या उंच पोराकडे ढुंकूनही न बघता सरळ उजव्या कोपऱ्यावर. दुसरी चढाई, उजवा कोपरा. तिसरीही तिथेच. मामेभावाने एकदा त्याचा घोटा धरला, साखळीतला शेजारी वेळेत आला, पकड झाली, मैदान नुसतं पेटलं. उठताना त्याने वजन कुठल्या पायावर घेतलं, ते मला दिसलं. अर्थात त्या गड्यालाही दिसलं.

आठव्या मिनिटाला आमच्या कॅप्टनने स्वतःच टाइमआउट मागितला, बाहेर आला आणि सतरा वर्षांच्या पोराच्या पाठीवर थाप मारून त्याला आत पाठवलं. कोणाला काही सांगितलं नाही. माझ्या शेजारी येऊन बसला आणि पाय लांब केला. मामाजी कुठूनसा बर्फ घेऊन आले. बर्फ आणायला आधी निघावं लागतं, एवढंच नोंदवतो.

चार गुणांनी हरलो. लोण एकच बसला. पोराने दोन पकडी केल्या, पाच वेळा बाद झाला, आणि संध्याकाळी त्या दोन पकडींचंच वर्णन सगळ्यांना ऐकवत होता.

मी पुण्याला आलो. गुडघ्याचा एमआरआय नागपूरला झाला, ऑपरेशन लागणार नाही म्हणाले, पण तीन महिने धावायचं नाही. सध्या तो पाळीवरून चालतो. परवा त्याचा मेसेज आला. पुढच्या स्पर्धेतल्या कोणत्यातरी टीमचा व्हिडिओ, सव्वा तास, कॅमेरा पुन्हा बांबूला. खाली लिहिलं होतं, "दादा, पोरगं खेळनार हाये डाव्या कोपऱ्यावर. बघून सांगजो. आन् पहिले इचारून घेजो, मोबाईल कुठी बांधला होता."