चार चाकांची स्कूटर

बडनेऱ्याच्या नव्या वस्तीत चाव्या बनवणाऱ्याच्या टपरीला लागून ती उभी असते. पुढून पाहिली तर इतर कुठल्याही ॲक्टिव्हासारखीच. मागून पाहिली की खरा ऐवज दिसतो: मागच्या चाकाच्या दोन्ही अंगांना एकेक जादा चाक, त्यांना बांधून ठेवणारा चौकोनी पाइपचा सांगाडा, वर पत्र्याची मडगार्डं आणि त्यांवर चिकटवलेले लाल रिफ्लेक्टर. चाकं चार असली तरी वस्तीतले लोक तिला तीनचाकीच म्हणतात. तिला स्टँड नाही. टेकवावी लागत नाही, भिंत शोधावी लागत नाही, वारा आला म्हणून आडवी होत नाही. तिच्या मालकाच्या डाव्या पायातली ताकद पोलिओनं लहानपणीच नेली. उभं राहण्याचं काम त्यांनी पंधराएक वर्षांपासून तिच्यावर सोपवलंय.

स्कूटरबद्दल लिहायचं कारण नाही. तिच्याबद्दल कंपनी जाहिराती करतेच. लिहायचंय त्या सांगाड्याबद्दल. हा साइड व्हीलचा सांगाडा म्हणजे स्कूटरच्या घरचा घरजावई. सगळ्यात जास्त राबतो तो आणि घरच्या कागदपत्रांत नाव नसतं तेही त्याचंच. शोरूमच्या सर्व्हिसिंगला नेली तर तिथला पोरगा गाडीभोवती एक चक्कर मारून सांगतो, "हे किट काढून आणा, मग पाहू." ज्यानं सांगाडा जोडला त्या वेल्डिंगवाल्याकडे न्यावी तर तो म्हणतो, "चाकाचं आपल्याकडे, इंजिनचं कंपनीत." बिघाड नेमका या दोघांच्या मधे, जिथं क्लॅम्प चासीला आवळलाय तिथं होतो. त्या चार बोटांच्या जागेला कुणी वाली नाही. म्हणून मालकच तिचे डॉक्टर. टपरीतल्या कानशी आणि पाने दिवसा लोकांच्या चाव्यांना लागतात, संध्याकाळी तिला.

तिच्या आधीची पिढी हातानं पेडल मारायच्या तीनचाकीची. कानपूरला 1972 साली स्थापन झालेल्या एलिम्को या सरकारी कंपनीची ती गाडी देशभर शिबिरांतून वाटली गेली. बिचारी प्रामाणिक होती, पण उन्हाळ्यात बडनेऱ्याहून अमरावतीपर्यंतचे दहाएक किलोमीटर हातानं ओढून पाहावेत म्हणजे प्रामाणिकपणाची किंमत कळते. स्कूटर दारात आली तरी ती पोलिओवाल्यांच्या कामाची नव्हती. चेतकला किक मारायला पाय हवा, मागचा ब्रेक दाबायला पाय हवा आणि सिग्नलला थांबलं की टेकायला पुन्हा पाय हवा. 1984 मधे कायनेटिक होंडा आली. गिअर नाही, बटण दाबलं की सुरू. त्या बटणानं या देशातल्या किती माणसांना नोकरीला लावलं याचा हिशेब कुणी ठेवलेला नाही. मग 2001 साली ॲक्टिव्हा आली, पत्र्याच्या अंगाची, दोन्ही ब्रेक हातात. तीनपैकी दोन अडचणी कंपन्यांनी सोडवल्या त्या पाय असलेल्यांच्या सोयीसाठी. टेकण्याची तिसरी तशीच राहिली. ती गल्लीबोळातल्या फॅब्रिकेशनवाल्यांनी सोडवली.

कायद्याला मात्र हा जावई पसंत नव्हता. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात अपंगांच्या वाहनाची जी व्याख्या होती, तिच्यात खास त्यांच्यासाठी घडवलेलं आणि बांधलेलं वाहनच बसत होतं. साध्या गाडीत नुसता फेरफार करून चालणार नाही, असं तिथं स्पष्टच म्हटलं होतं. अशी खास गाडी दुकानात मिळते कुठे, हे कायदा सांगत नव्हता. 2019 च्या दुरुस्तीनं व्याख्या बदलली आणि कलम 52 खाली फेरफार करून घेतलेली गाडीही अपंगांचं वाहन म्हणून गणली जाऊ लागली. तोवर हजारो सांगाडे रस्त्यावर धावून, गंजून भंगारात गेले असतील.

आता तिचा स्वभाव. दुचाकी खड्डा चुकवते. हिला चुकवता येत नाही, हिला खड्डा निवडावा लागतो. दुचाकीला रस्त्यावर एकच रेघ पाहायची असते, हिला तीन. मधलं चाक वाचवावं तर डावं आपटतं, डावं वाचवावं तर उजवं गटाराच्या कडेला जातं. लोणी ते माना या पट्ट्यात जून 2022 मधे 105 तास 33 मिनिटांत 75 किलोमीटर डांबर सलग अंथरून गिनेस बुकात नाव नोंदवलं गेलं. तो महामार्ग इथून हाकेवर. त्याच्यावर ती राणीसारखी चालते. पण माणसाचं सगळं काम महामार्गावर थोडंच असतं? घर वस्तीत असतं, आणि शेत पांदणीच्या टोकाला.

पांदणीत तिची खरी परीक्षा. बैलगाड्यांनी नि ट्रॅक्टरांनी दोन्ही बाजूंना चाकोऱ्या खोल केलेल्या, मधे मातीचा उंचवटा. मधलं चाक उंचवट्यावर चढलं की बाजूची दोन्ही चाकं अधांतरी आणि गाडी पुन्हा दुचाकी, तीही टेकायला पाय नसलेल्या माणसाखाली. याच्या उलट जागा म्हणजे मधोमध पाण्यानं घळ पाडलेली. तिथं बाजूची चाकं काठांवर आरामात बसतात आणि मधलं, ज्याच्यात इंजिनची ताकद येते तेच, हवेत भिरभिरत राहतं. आवाज फुल्ल, गाडी जागच्या जागी. अशा वेळी मालक खाली उतरू शकत नाहीत. येणाऱ्याजाणाऱ्याला हाक मारून "मांगून जरा दाबा ना भाऊ" म्हणतात. कुणी कॅरिअरवर वजन टाकलं की मधलं चाक जमिनीला लागतं आणि ती निघते.

म्हणून चांगला मिस्त्री किट बसवताना बाजूची चाकं मधल्यापेक्षा किंचित उंच ठेवतो. फार नाही, बोटभर. जमिनीवरचा खरा भार मधल्या चाकावर राहावा आणि बाजूच्यांनी फक्त तोल सांभाळावा, असा हिशेब. त्यामुळे उभी असताना ती थोडी डोलते, नवा माणूस बसला की घाबरतो. हिशेबाची खोच पुढे आहे: मधला टायर झिजतो, बाजूचे झिजत नाहीत. दोनेक वर्षांत मधल्याची गोटी उडून त्याची उंची कमी होते, बोटभर फरक गडप होतो आणि पावसात ती चढाला घसरू लागते. गिऱ्हाईक म्हणतं इंजिन कमजोर झालं. दुकानदार बेल्ट बदलतो, रोलर बदलतो, कार्बोरेटर साफ करतो, पैसे घेतो. दोष टायरमधे. मालकांना हे कुणी शिकवलं नाही. सपाट फरशीवर गाडी उभी करून मधल्या नि बाजूच्या चाकाची उंची ते दोरी ताणून पाहतात.

वळणावरही तिची तऱ्हा वेगळी. दुचाकी वळताना झुकते आणि माणूस तिच्याबरोबर झुकतो. ही झुकत नाही. सांगाडा तिला सरळ धरून ठेवतो, तेव्हा झुकायचं काम एकट्या माणसानं करायचं, कमरेतून, आतल्या बाजूला. वेगात वळवलं आणि अंग सरळ ठेवलं तर आतलं चाक उचललं जातं. बाजूच्या चाकांना ब्रेक नसतात, वजन मात्र वाढलेलं असतं, म्हणून थांबायला जागा जास्त लागते. डावा लिव्हर दाबला की पुढचा-मागचा ब्रेक एकत्र लागणारी सोय आली, ती हिला इतरांपेक्षा जास्त उपयोगी पडली.

दुखणी मोसमाप्रमाणे. जुलैत काळी माती. बाहेरच्यांना वाटतं चिखल म्हणजे चिखल, पण वऱ्हाडातली माती ओली झाली की चाकाला थरावर थर चढवत जाते. मडगार्ड आणि टायर यांच्या मधली फट भरते, माती आवळून बसते आणि बाजूचं चाक फिरायचं थांबून नुसतं फरफटतं. फरफटलेल्या टायरवर एकाच ठिकाणी सपाट डाग पडतो. त्यानंतर कोरड्या रस्त्यावर ती टक-टक-टक करत चालते, थेट दिवाळीपर्यंत. उपाय म्हणून कुणी मडगार्डच काढून टाकतात, मग पाठीवर नकाशा. मालकांनी मडगार्डाखाली वॉशर घालून ते उंच करून घेतलंय. दिसायला बेढब, कामाला चोख. मे महिन्यात वेगळं. ऊन पंचेचाळिसाला टेकलं की हलकं ग्रीस पातळ होऊन सीलमधून ओघळतं, बेरिंग कोरडं पडतं आणि गुणगुणायला लागतं.

"तिचं दुखनं आवाजातच समजते," मालक म्हणतात. "गुनगुन केली तं बेरिंग, करकर केली तं बुश. कट्ट करून एकदाच वाजली अन् गप झाली, तं मंग भ्या लागते."

ते 'कट्ट' म्हणजे वेल्डिंगचा तडा. ही या जातीच्या सगळ्या सांगाड्यांची असाध्य खोड. आडवा पाइप जिथं क्लॅम्पच्या पट्टीला जोडलेला असतो तिथं प्रत्येक खड्ड्याचा धक्का येऊन थांबतो. तडा रंगाखाली सुरू होतो, डोळ्याला दिसत नाही. दिसते ती पहिल्या पावसानंतर उमटलेली केसाएवढी तांबडी रेघ. आतून गंज रंगातून बाहेर येतो तो असा. मालक दर रविवारी टपरीच्या ओट्यावर बसून ओल्या फडक्यानं तो सांधा पुसतात आणि चाव्यांसाठीचं भिंग लावून पाहतात. चाबीचे दाते पाहायची सवय झालेला डोळा, त्याला रेघ सुटत नाही.

मग वेल्डिंग. हे काम दिसतं तेवढं सोपं नाही. 2020 च्या एप्रिलपासून बीएस-6 आलं, स्कूटरीत कार्बोरेटर जाऊन इंधन फवारणारं इंजेक्शन आलं आणि त्याचं डोकं चालवणारी इलेक्ट्रॉनिक डबी आली. बॅटरीची वायर न काढता तशीच वेल्डिंग केली तर ती डबी जळू शकते. दुसरी भानगड अर्थिंगच्या चिमट्याची. वेल्डर आळसानं तो चिमटा हाताला येईल तिथं, म्हणजे चाकाला लावतो. करंट मग बेरिंगमधून जातो, आतल्या गोळ्यांवर बारीक खळगे पडतात आणि तडा बुजला तरी आठवड्याभरात गुणगुण सुरू. चिमटा सांध्याच्या अगदी जवळ, खरवडून लख्ख केलेल्या लोखंडावर लावायचा असतो. मालक तो स्वतः लावतात. वेल्डरला हे आवडत नाही. "तुमीच करून घ्या ना मंग," तो पुटपुटतो, पण लावू देतो.

थंड देशांतही असाच एक जावई आहे. तिकडे बर्फ पडला की मातीवरच्या मोटरसायकलचं पुढचं चाक काढून पाटी लावतात, मागचं काढून रबरी पट्टा बसवतात आणि डोंगरावर हुंदडतात. अमेरिकेतल्या आयडाहोच्या टिंबरस्लेडनं हा धंदा जमवला आणि 2015 मधे पोलारिस या बड्या कंपनीनं ती कंपनी विकत घेतली. म्हणजे तिकडच्या जावयाला श्रीमंत दत्तकघर मिळालं. दुखणं मात्र तेच. चाकासाठी घडवलेल्या गाडीवर चाकाचं नसलेलं ओझं येतं, आणि काही तुटलं की गाडीवाला किटवाल्याकडे बोट दाखवतो नि किटवाला गाडीवाल्याकडे. फरक इतकाच की त्यांचं सगळं हौसेसाठी आहे. मालकांची दुकानदारी, पोरीची शाळा आणि रेल्वे फाटकापलीकडच्या जुन्या वस्तीतल्या म्हाताऱ्या आईचं औषध याच सांगाड्यावर चालतं.

आपल्या देशात पोलिओच्या रानटी विषाणूचा शेवटचा रुग्ण 13 जानेवारी 2011 ला हावड्यात सापडला, आणि 27 मार्च 2014 ला देश पोलिओमुक्त जाहीर झाला. म्हणजे या गाडीचं मूळ गिऱ्हाईक आता नव्यानं तयार होत नाही. तरी वेल्डिंगवाल्याचा धंदा घटलेला नाही. येतात ते अपघातात पाय गेलेले, साखरेनं पाऊल कापावं लागलेले, मणक्याला मार बसलेले. त्यांची गरज वेगळी. पोलिओवाल्याच्या कमरेत नि खांद्यात जन्माची ताकद असते, वळणावर तो अंग टाकू शकतो. मणक्याच्या पेशंटला ते जमत नाही. त्याला उंच पाठ हवी, पट्टा हवा, चाकं आणखी लांब हवीत, मागं व्हीलचेअर अडकवायला हूक हवा. जुन्या मापाचा सांगाडा त्यांना पुरत नाही.

मालकांची स्कूटर यंदा म्हातारी झाली, इंजिन तेल पिऊ लागलं. पोरीनं हट्ट धरला, बॅटरीवाली घ्या. मालक तीन शोरूम फिरून आले. एका गाडीची मोटर मागच्या चाकाच्या पोटातच, तिथं क्लॅम्प आवळायला जागा नाही. दुसरीला बॅटरीची पेटी नेमकी आडव्या पाइपच्या वाटेत. शेवटी पेट्रोलचीच सेकंडहँड घ्यायचं ठरलं. जुनी गाडी भंगारात जाईल, सांगाडा जाणार नाही. तो उतरवून, घासून, प्रायमर मारून नव्या गाडीला बसणार आहे. फक्त डावी पट्टी अर्धा इंच लांब करावी लागेल. वेल्डर म्हणतो नवीनच करून घ्या, जुन्या लोखंडात काय ठेवलंय.

"त्यात कायी ठिवलं नाई," मालक म्हणाले, "पन त्याच्या कोन्या सांध्याले कवा तडा जाते ते मले ठावं हाय. नव्याचं समजाले अजून पाच वर्सं लागतीन." आणि पट्टीचं माप कागदावर लिहून त्यांनी वेल्डरच्या हातात दिलं, वर सांगितलं, "पह्यले बॅटरीची वायर काढजो."