मोत्याचे दात आणि तलासरीचा बाजार

डहाणूकडून तलासरीला जाताना चिकूच्या वाड्या हळूहळू मागे पडतात. मग भातखाचरे, ताडाची झाडे आणि वारली पाड्यांवरची कुडाची घरे दिसू लागतात. नाक्यावर मुंबई-अहमदाबाद महामार्ग आडवा येतो. रांगेने उभे ट्रक, पंक्चरची दुकाने, गॅरेजे, मराठीच्या शेजारी गुजराती पाट्या. पुढे आच्छाड आले की गुजरातची हद्द.

माझ्या ताईचे सासर इथले. थोडी चिकूची झाडे आणि शेजारच्या तुकड्यात ढोबळी मिरची. या उन्हाळ्यात गेलो तेव्हा घरात एकच विषय होता, मोत्या. आठ महिन्यांचा दणकट गावठी कुत्रा. चपला, खराटा, विळ्याची मूठ यांचा फडशा पाडून तो ठिबकच्या नळ्यांकडे वळला होता. रात्री पंप चालू झाला, फुटल्या नळीतून पाणी भलतीकडेच गेले आणि मिरचीची एक ओळ माना टाकून बसली. भावोजी भडकले. "उद्या ट्रकमध्ये चढवतो, सुरतेला जाऊन काय चावायचं ते चाव म्हणावं!" धाकटा भाचा त्या रात्री जेवला नाही. पाळलेले जनावर असे सोडून देणे १९६० च्या कायद्याने गुन्हा आहे, हे मी सांगून पाहिले. पण सुकल्या मिरचीपुढे कायदा कोण ऐकतो? शेवटी मी चार दिवसांची मुदत मागितली आणि भाच्याला घेऊन बाजार गाठला.

पहिल्या दिवशी असोला नारळ आणला. मोत्या खूष! संध्याकाळपर्यंत अंगणभर काथ्याच काथ्या. पण थोडा काथ्या तो गिळत होता. असे तंतू आतड्यात अडकतात, म्हणून नारळ काढून घेतला. बांबूच्या कांड्याला तर लगेच सुरीसारख्या सळ्या सुटल्या. खाटकाकडून हाड आणावे असे ताई म्हणाली. पण शिजलेले हाड टोकदार तुकड्यांत फुटते, आणि फार टणक हाडाने कुत्र्याचाच दात तुटतो. पंक्चरवाल्याने टायरचा तुकडा फुकट देऊ केला. हात लावून पाहिले तर आत तारा.

मग गॅरेजवाल्याने ट्रकच्या पाट्यांमधला रबरी बुश पुढे केला. "हा हत्तीला चावणार नाही!" मला हसू आले, कारण अमेरिकेत खरोखर असेच घडले आहे. कोलोरॅडोतल्या जो मार्कहॅम यांचा फ्रिट्झ नावाचा कुत्रा दगड चावून दात झिजवत होता. एकदा गाडी दुरुस्त करताना फोक्सवॅगनचा एक रबरी भाग त्याच्या तोंडी लागला आणि दगड सुटले. त्यावरून मार्कहॅम यांनी पोकळ रबरी खेळणे बनवले आणि १९७६ मध्ये काँग कंपनी काढली. आमच्या बुशात मात्र लोखंडी नळी होती, वर जुने ग्रीस. तो परत केला.

तिसऱ्या दिवशी भिलाडवरून वापी गाठली. तिथे पोकळ, जाड रबराचे खेळणे मिळाले. घेताना तीन गोष्टी पाहिल्या. अंगठ्याच्या नखाने दाबले तर किंचित दबले पाहिजे. मुळीच दबत नसेल तर ते दाताला जड. आकार असा की अख्खे तोंडात जाऊन घशात अडकू नये. आणि आरपार दोन भोके हवीत. एकाच भोकात हवा ओढली जाऊन जीभ अडकू शकते.

किंमत ऐकून भावोजींनी कपाळाला हात लावला. नळीच्या नव्या गुंडाळीपेक्षा स्वस्तच आहे, असे ताईने सुनावले. आत नाचणीची भाकरी ताकात कालवून ठासली. मोत्या अर्धा तास ते दोन पंजांत धरून बसला होता.

पण नळ्यांचे कोडे त्याने पुरते सुटेना. दुपारी मी मिरचीच्या बांधावर बसून पाहिले. मोत्या खेळणे टाकून उठला, नळीला नाक लावले, जिथे थेंब पडत होता तिथेच जीभ घातली. त्याचे पाण्याचे भांडे घराच्या पडवीत, आणि दिवसभर तो राखणीला वाडीत बांधलेला! उन्हाळ्यात कोल्हे, खारीसुद्धा पाण्यासाठी नळ्या कुरतडतात, तर याचे काय चुकले? चिकूच्या सावलीत मातीचे मोठे परळ पुरले, साखळीऐवजी लांब दोर केला, आणि सकाळ-संध्याकाळ त्याला मोकळे फिरवायचे भाच्याने कबूल केले.

जाता जाता एक गंमत. ज्या चिकूखाली मोत्या बसतो, त्याच झाडाच्या चिकापासून मध्य अमेरिकेत पूर्वी च्युइंगगम बनत असे. ताईला हे सांगितले तर म्हणाली, "मोत्याला नको सांगूस."

परवा फोन आला. नळ्या शाबूत आहेत. खेळण्याच्या कडेला दातांचे व्रण पडलेत; तुकडा सुटू लागला की ते फेकून नवे आणायचे आहे. वापीला भावोजी स्वतःच जाणार आहेत म्हणे.