लागलं का कुठं?

धारूरला माझं मेडिकलचं दुकान आहे. दिवाळी झाली की आमच्या तालुक्यातली कितीतरी कुटुंबं ऊसतोडीला जातात. आईबापांनी कोयता चालवून पुण्याला ठेवलेला असाच एक पोरगा स्पर्धा परीक्षेचे अटेम्प्ट संपवून परत आला. पोटात आग, मळमळ, रात्री झोप नाही. चिठ्ठी न बघताच मी ॲसिडिटीची गोळी देत गेलो. आणि दर वेळी, चार गिऱ्हाईकं उभी असताना, आपुलकीनंच विचारायचो, "काय रे, लागलं का कुठं?" त्याचे कान लाल व्हायचे, सुटे पैसे मोजताना बोटं थरथरायची. एकदा उभ्या उभ्याच त्याचं बीपी बघितलं. वाढलेलं निघालं, तर सगळ्यांदेखत म्हणालो, "एवढ्या वयात?" बीपी बघण्याआधी माणसाला पाच मिनिटं निवांत बसू द्यायचं असतं, हे मला ठाऊक होतं.

पुढची चूक याहून मोठी. पट्टा पडल्यावर, म्हणजे तोडीचा हंगाम संपल्यावर, त्याचे वडील गावी आले. त्यांना धीर द्यावा म्हणून मी म्हणालो, "त्याला काही झालेलं नाही, नुसतं टेन्शन घेतोय." घरी त्याचा अर्थ 'नाटक करतोय' असा झाला. पोरगा दुकानात यायचा बंद झाला.

नंतर वाचनात जर्मनीतल्या ट्रिअर विद्यापीठाची, १९९३ साली मांडलेली चाचणी आली. नोकरीची मुलाखत समजून पाच मिनिटं बोलायचं, मग पाच मिनिटं मोठ्यानं वजाबाकी करायची. समोरचे परीक्षक चेहरा हलू देत नाहीत. एवढ्यानं चांगल्या निरोगी तरुणांची छाती धडधडते, लाळेतलं कॉर्टिसॉल हे ताणाचं हार्मोन वाढतं. ॲड्रिनलिन लगेच उसळतं, कॉर्टिसॉल मात्र प्रसंग संपल्यावर काही मिनिटांनी सगळ्यात वर जातं. पोरगा म्हणाला होता, "काका, तुमच्याकडून घरी पोचलो की जास्तच कालवतंय." मी त्याला जेवणाच्या वेळा विचारत बसलो होतो. मुलाखत माझ्याच काउंटरवर चालू होती आणि घेणारा मीच होतो.

आता कुणी पोटाची गोळी मागितली की आत स्टुलावर बसवून झोपेचं विचारतो. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात मानसोपचाराची ओपीडी आहे, तिकडे पाठवतो. 'टेली मानस' या मानसिक आरोग्याच्या हेल्पलाइनचा १४४१६ हा फुकट नंबर भिंतीवर लावलाय. त्याच्या वडिलांना घरी जाऊन सांगितलं, "मी चुकीचं बोललो, पोराचं दुखणं खरं आहे." त्यांनी ऐकून घेतलं. पोरगा अजून स्टँडजवळच्या दुकानातूनच गोळ्या नेतो.