तारेवरची पत्रे

पूर्वी मराठी घरांत ओसरीच्या भिंतीला एक तार टांगलेली असे. तिचे वरचे टोक आकड्यासारखे वळवलेले आणि खालच्या टोकाला लाकडाची लहानशी चकती. टपालवाल्याने आणून दिलेले कार्ड घरातल्या सर्वांनी वाचून झाले, की वडील माणूस ते त्या तारेत ओवून ठेवी. मुलाची परीक्षा, लेकीचे बाळंतपण, गावाकडचा पाऊस, सारे त्या एका तारेवर एकमेकांना टेकून बसे. अशुभ वार्तेचे पत्र मात्र तारेवर जात नसे. ते वाचून लगेच फाडून टाकीत. तार भरली, की पत्रे काढून सुतळीने बांधीत, ट्रंकेत ठेवीत आणि तार पुन्हा मोकळी होई.

डोंबिवलीतल्या एका जुन्या इमारतीत राहणाऱ्या कुटुंबाचीही अशी एक तार होती. पण ती कोणाच्या डोळ्यांना दिसत नव्हती. ती होती माळ्यावर धूळ खात पडलेल्या एका संगणकाच्या पेटीत. गेल्या उन्हाळ्यात इमारत पाडून नवी बांधायचे ठरले आणि घर रिकामे करण्याची वेळ आली. भंगारवाला दाराशी येऊन उभा राहिला. जुना पंखा, गंजलेली कॉट, तांब्याचा फुटका बंब अशा वस्तू एकेक करून खाली गेल्या. आजीने माळ्याकडे बोट दाखवले आणि ती म्हणाली, "ती पेटीही घेऊन जा. तिच्यापायी माझा वर्षाचा तांदूळ गेला होता."

सातवीतली नात जवळच उभी होती. तिने विचारले, "तांदूळ कसा गेला, आजी?" त्या प्रश्नामुळे पेटीचे जाणे तेवढ्यापुरते थांबले.

आजीने सांगितलेली हकिगत अशी. १९९९ साली या घरचा थोरला मुलगा अमेरिकेला गेला. दोन हजार साल उजाडताच जगातले संगणक तारखेची गफलत करतील, अशी तेव्हा धास्ती होती. ती चूक आधीच दुरुस्त करण्याच्या कामावर भारतातले पुष्कळ तरुण परदेशी गेले. त्यांतलाच तो एक. कुटुंब त्या वेळी कल्याणला, वालधुनीच्या बाजूला, तळमजल्यावर राहत असे. आजोबा एका कचेरीतून कारकून म्हणून निवृत्त झाले होते. बोलणे मोजके, अक्षर मात्र मोत्यासारखे. आपल्या देशात १५ ऑगस्ट १९९५ पासून सामान्य लोकांना इंटरनेट मिळू लागले होते. कागदी पत्राला अमेरिकेहून यायला आठ-दहा दिवस सहज लागत. ई-पत्र क्षणात येई. म्हणून २००० साली आजोबांनी साठवलेले पैसे मोडून संगणक घेतला.

दर रविवारी सकाळी ते दूरध्वनीच्या तारेवरून जोडणी करीत. यंत्रातून खरखर आणि शीळ यांच्या मिश्रणासारखा आवाज निघे. जोडणी जितकी लांबे तितके बिल वाढे. म्हणून आलेली पत्रे पटकन उतरवून घेत, जोडणी तोडून टाकीत आणि मग आजीला समोर बसवून सावकाश वाचून दाखवीत. रात्री एका बोटाने टंकून ते उत्तर लिहीत. ती उत्तरे मात्र त्यांनी कोणाला वाचून दाखवली नाहीत.

मग २६ जुलै २००५ चा दिवस आला. सांताक्रूझच्या वेधशाळेने त्या चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पावसाची नोंद केली. लोकलगाड्या जागच्या जागी थांबल्या. कल्याण, उल्हासनगर, बदलापूर या भागांत नदीनाल्यांचे पाणी वस्तीत शिरले. या घरातही ते उंबऱ्यावरून आत आले. आजी तांदळाच्या कोठीपाशी धावली आणि तिने आजोबांना हाक मारली. आजोबा आले नाहीत. त्यांनी संगणकाची पेटी तारा उपटून उचलली, स्टुलावर चढून ती माळ्यावर ठेवली आणि मगच ते कोठीकडे वळले. तोवर कोठी पाण्याखाली गेली होती.

पूर ओसरल्यावर काही महिन्यांनी कुटुंब डोंबिवलीला तिसऱ्या मजल्यावर राहायला आले. आजीने त्या गोष्टीचा पुन्हा उच्चार केला नाही. पण महागाच्या यंत्रासाठी यांनी घरातले अन्न सोडले, ही सल तिच्या मनात राहून गेली. आजोबांनीही कधी खुलासा केला नाही. २००९ साली ते वारले आणि पेटी पुन्हा माळ्यावर गेली.

नातीने त्याच दिवशी अमेरिकेतल्या काकांना विचारले. काकांकडे त्या वर्षांतले एकही पत्र शिल्लक नव्हते. त्यांनी कंपनीच्या पत्त्यावरून पत्रे लिहिली होती; नोकरी बदलली तेव्हा तो पत्ता बंद झाला आणि त्याच्याबरोबर पत्रेही गेली. मूळ कंपनीकडेही काही उरण्यासारखे नव्हते. त्या काळच्या रीतीप्रमाणे ई-पत्रे घरच्या संगणकावर उतरवून घेतली, की बहुधा कंपनीच्या संगणकावरची प्रत पुसली जाई. टपाल कचेरीतल्या पेटीतून पत्र घरी आणले, की पेटी रिकामी व्हावी तसेच ते. म्हणजे नऊ वर्षांच्या पत्रव्यवहाराची जगातली एकुलती एक प्रत भंगारवाल्याच्या हातात जाता जाता राहिली होती.

पेटीला वीज जोडून पाहिली. ती जागी झाली नाही. नातीचा मामा ठाण्याला राहतो आणि यंत्रांच्या दुरुस्तीत रमतो. त्याने फोनवरून बजावले, "पेटी मेली म्हणून तबकडी मेली असे नव्हे. चार स्क्रू काढ, तबकडी सोडव आणि डब्यात कोरड्या सुती कापडात गुंडाळून घेऊन ये. धक्का लागू देऊ नकोस."

दुसऱ्या दिवशी आजी आणि नात लोकलने निघाल्या. कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा अशी स्थानके मागे पडत होती. एका बाजूला मुंब्र्याचा डोंगर, दुसऱ्या बाजूला खाडी. हा लोहमार्ग देशातला सर्वांत जुना. १६ एप्रिल १८५३ रोजी बोरीबंदरहून पहिली प्रवासी गाडी ठाण्याला आली आणि पुढच्याच वर्षी रूळ कल्याणपर्यंत पोचले. किती पिढ्यांच्या टपालाच्या थैल्या या मार्गाने गेल्या असतील! त्या दिवशी नातीच्या मांडीवरच्या डब्यात नऊ वर्षांचे टपाल होते आणि गाडी हिसका देई तेव्हा ती डबा छातीशी धरी.

मामाने तबकडी टेबलावर ठेवली आणि नातीला तिची रचना समजावून सांगितली. आतल्या चकचकीत तबकड्या मिनिटाला पाच हजारांहून अधिक फेरे घेतात आणि वाचणारी सुई त्यांना न टेकता, हवेच्या अगदी पातळ थरावर तरंगत, चुंबकाच्या खुणा वाचते. जगातले असे पहिले यंत्र १९५६ साली अमेरिकेत निघाले. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या पन्नास तबकड्या होत्या आणि सगळ्यांवर मिळून पन्नास लाख अक्षरे मावत. आज तळहातावरच्या फोनने काढलेल्या एखाद्या छायाचित्रालाही तेवढी जागा पुरत नाही. तबकडी वर्षानुवर्षे बंद पडून राहिली, की तिचे फिरणे अडखळू शकते. "म्हणून," मामा म्हणाला, "आधी वाचायचे नाही. आधी नक्कल करायची. ही किती वेळा फिरेल कोणास ठाऊक. नक्कल मात्र हवी तितकी वेळ चाळता येईल."

जुन्या तबकडीची जोडणी नव्या संगणकाला बसत नाही. दोहोंमध्ये दुभाष्यासारखी एक छोटी वायर लावावी लागली. वीज सुरू होताच तबकडी खरखरली, थांबली आणि मग एकसारखी घूं घूं करू लागली. मामाने तिच्यावर काहीही न लिहिता तिच्यावरची प्रत्येक खूण क्रमाने दुसऱ्या तबकडीवर उतरवून घ्यायला सुरुवात केली. काम दुपारपर्यंत चालले. दोन-तीन ठिकाणी सुई अडली. तिथला मजकूर वाचता आला नाही. नक्कल पुरी होताच त्याने जुनी तबकडी बंद केली.

आता पत्रे शोधायची होती. आजोबा आउटलुक एक्स्प्रेस नावाच्या प्रोग्रॅमवर पत्रे वाचत. तो प्रोग्रॅम एका कप्प्यातली सारी पत्रे मिळून एकच फाईल करी आणि ती अनेक फोल्डरांच्या पोटात ठेवी. हा प्रोग्रॅम आता नव्या संगणकांवर मिळत नाही. मामाने त्या फाईली शोधून काढल्या आणि दुसऱ्या एका प्रोग्रॅमच्या मदतीने प्रत्येक पत्र सुटे केले. कोणत्याही साध्या संगणकावर उघडेल, अशा रूपात एकेक पत्र एकेका फाईलमध्ये गेले. गठ्ठ्याची सुतळी सोडून पत्रे जमिनीवर मांडावीत तसा तो देखावा होता.

काकांची पत्रे लगेच वाचता आली. मराठी भाषा, पण इंग्रजी अक्षरे, अशी त्यांची लिहिण्याची तऱ्हा होती. २७ जुलै २००५ चे पत्र नातीने मोठ्याने वाचले: "आई, बाबा, बातम्यांत कल्याण पाहिले. फोन लागत नाही. काहीही करून एक ओळ लिहा." त्याच्या खाली आजोबांचे उत्तर होते, पण ते उघडताच पडद्यावर इंग्रजी अक्षरे, स्वल्पविराम आणि चिन्हे यांची नुसती खिचडी दिसली. आजीचा चेहरा उतरला. "बिघडले वाटते," ती म्हणाली.

पत्र बिघडले नव्हते. देवनागरीला युनिकोड या सर्वमान्य पद्धतीत १९९१ सालीच जागा मिळाली होती. तरी ती पद्धत घरोघरी पोचायला पुष्कळ वर्षे लागली. तोवर मराठी लिहिण्यासाठी शिवाजीसारखे फॉन्ट वापरीत. त्यांत अक्षर साठवले जाई इंग्रजीचे आणि दिसे मराठीचे. तो फॉन्ट नसेल, तर मजकूर जागेवर असूनही वाचता येत नाही. मामाने आजोबांच्याच तबकडीवरचा तो फॉन्ट शोधला आणि नव्या संगणकावर बसवला. खिचडीतून एकदम सुरेख देवनागरी ओळी उमटल्या:

"चिरंजीवास आशीर्वाद. आम्ही सर्व सुखरूप आहोत. वीज पाच दिवसांनी आली. घरात कमरेइतके पाणी होते. तांदूळ भिजला, तुझी पत्रे कोरडी आहेत. तुझी आई रागावली आहे, ते योग्यच आहे. तांदूळ पुन्हा घेता येईल, हे तिला सांगायचे धाडस झाले नाही."

आजी बराच वेळ काही बोलली नाही. मग ती नातीला म्हणाली, "पुन्हा एकदा वाच."

जुने लेखन वाचवणाऱ्यांना लिपीची ही अडचण नवी नाही. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे गावोगाव हिंडून जुनी दप्तरे शोधीत. माळ्यांवर आणि कोनाड्यांत पडलेले ते कागद वाळवीने आणि दमटपणाने संपत चालले होते; शिवाय ते होते मोडी लिपीत. राजवाड्यांनी ते मिळवले, वाचले, बाळबोध लिपीत उतरवले आणि १८९८ साली 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने' या मालेचा पहिला खंड प्रसिद्ध केला. पुढे तिचे एकंदर बावीस खंड निघाले. कागद नुसता टिकून भागत नाही, तो वाचता येणारा माणूसही लागतो, हे त्या कामाने दाखवून दिले. याउलट, रे टॉमलिन्सन या अमेरिकन अभियंत्याने १९७१ साली एका संगणकावरून शेजारच्या संगणकावर जगातले पहिले ई-पत्र पाठवले. त्यात नेमके काय लिहिले होते, हे पुढे खुद्द त्यालाही आठवले नाही. ते कोणी जपलेच नव्हते.

सगळी पत्रे आली, की काही राहिली? याचे उत्तर आजीच्या ट्रंकेत सापडले. कारकुनी पेशाला स्मरून आजोबांनी ई-पत्रांचीही आवक-जावक वही ठेवली होती: अनुक्रमांक, तारीख, कोणाकडून, विषय. नातीने डोंबिवलीला परतल्यावर चार दिवस बसून वही आणि फाईली ताडून पाहिल्या. अकरा पत्रे नव्हती. सुई अडली होती तिथे ती होती. त्यांचे विषय तेवढे वहीत उरले. 'पहिला बर्फ पाहिला' असा एका पत्राचा विषय होता. त्यावर बोट ठेवताच आजी म्हणाली, "त्यात त्याने बर्फाची तुलना कापूस पिंजणाऱ्याच्या अंगणाशी केली होती." आजीने सांगितले ते नातीने लगेच लिहून घेतले.

ठाण्यात मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून आणि कल्याणात सार्वजनिक वाचनालय १८६४ पासून चालत आले आहे. इतक्या वर्षांत कपाटे बदलली, खोल्या बदलल्या, पुस्तकांना नव्या बांधण्या झाल्या. म्हणून तर जुनी पुस्तके आजच्या हातांत पडतात. ग्रंथांचे जे, तेच घरच्या पत्रांचे. एकदा ठेवले आणि विसरले, की ते गेलेच म्हणायचे. जुने पात्र फुटण्याआधी पाणी नव्या पात्रात ओतावे लागते आणि ते काम प्रत्येक पिढीला नव्याने करावे लागते.

घर बदलण्याच्या आदल्या रात्री नातीने आवक-जावक वही उघडली. आजोबांच्या शेवटच्या नोंदीखाली एक रेघ मारून तिने आपल्या अक्षरात लिहिले: "एक प्रत आमच्याकडे. दुसरी ठाण्याला मामाकडे. तिसरी काकांकडे. देवनागरी पत्रे युनिकोडमध्ये उतरवायची आहेत. पुढील वर्षी याच दिवशी तिन्ही प्रती उघडून पाहणे." आणि आजीने ती वही तांदळाच्या डब्याशेजारी, सामानात सर्वांत वर ठेवली.